मधुमेहाच्या डॉक्टरांनो, रुग्णाच्या पोटाचीही चौकशी करा

मधुमेहावर उपचार करणाऱ्या सर्व डॉक्टरांना,

सस्नेह नमस्कार.

मी आहारतज्ज्ञ आहे. तुम्ही तपासलेले, औषध लिहून दिलेले मधुमेहाचे रुग्ण पुढे माझ्यासमोर येऊन बसतात. काय खायचं नि काय टाळायचं हे विचारता विचारता माणूस मोकळा होतो आणि तुमच्यापुढे न निघालेले विषय निघतात. त्यात पोटाचा विषय हमखास असतो. गोळी सुरू झाल्यापासून पोट बिघडलंय, गॅस धरतो, सकाळी घराबाहेर पडायचं म्हटलं की धास्ती वाटते. एका बाईंनी पर्समधून मेटफॉर्मिनची, म्हणजे साखर कमी करणाऱ्या नेहमीच्या गोळीची, पट्टी काढून दाखवली. केव्हाच संपायला हवी होती, पण निम्मी शिल्लक होती. ज्या दिवशी बाहेर काम असेल त्या दिवशी त्या गोळी घेतच नसत. "डॉक्टरांना सांगितलंत का?" असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "शुगरच्या डॉक्टरांना पोटाचं काय सांगायचं?"

त्यांनी हे अगदी सहज विचारलं. पण या प्रश्नाचं उत्तर गेल्या दहा-पंधरा वर्षांत पार बदललं आहे, आणि ते त्यांना तुमच्या तोंडून कळायला हवं होतं. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

आतड्यातल्या जीवाणूंचा टाइप टू मधुमेहाशी काहीतरी संबंध असावा, ही कल्पना जुनी आहे. २०१२ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी ३४५ जणांच्या शौचाच्या नमुन्यांतल्या जीवाणूंची जनुकं तपासली तेव्हा तिला ठोस आधार मिळाला. मधुमेह असलेल्यांच्या आतड्यात ब्युटिरेट हे उपयुक्त मेदाम्ल तयार करणारे जीवाणू, म्हणजे रोझबुरिया, फीकॅलिबॅक्टेरियम वगैरे, कमी होते. संधी मिळताच उपद्रव देणारे काही जीवाणू जास्त होते. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये सत्तरीच्या १४५ स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्युटिरेट बनवणाऱ्यांची तूट तिथेही दिसली. मात्र कोणत्या जीवाणूंवरून मधुमेह ओळखता येईल, याच्या दोन्हीकडच्या याद्या वेगळ्या निघाल्या. हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम पडणार आहे.

ब्युटिरेटचं एवढं काय, हे रुग्णाला दोन मिनिटांत समजावता येतं. मी रोज समजावते आणि लोक कान देऊन ऐकतात. अन्नातल्या चोथ्यातला, म्हणजे फायबरमधला, बराचसा भाग पचवायला आपल्याकडे पाचकरसच नाहीत. तो तसाच मोठ्या आतड्यात उतरतो आणि तिथले जीवाणू तो आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान साखळीची मेदाम्लं तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन हेच ब्युटिरेट. त्याच अस्तरात विखुरलेल्या एल पेशींना या मेदाम्लांची चाहूल लागली की त्या जीएलपी-१ हे संप्रेरक सोडतात. ज्याची नक्कल करणारी इंजेक्शनं आज तुम्ही लिहून देता, तेच हे संप्रेरक. जेवणानंतर इन्सुलिन वाढवायचं, पोट भरल्याची जाणीव द्यायची, हे त्याचं काम. रुग्णाला हे कळलं की त्याच्या चेहऱ्यावर फरक दिसतो. तोवर फायबर म्हणजे पोट साफ होण्यापुरता चोथा, एवढंच त्याला माहीत असतं.

याची दुसरी बाजूही आहे. २००७ मध्ये पॅट्रिस कानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवून दिलं की अतिस्निग्ध आहाराने जीवाणूंच्या आवरणातले विषारी घटक रक्तात जास्त उतरतात. ते थोड्या प्रमाणात सतत उतरत राहिले तरी शरीरात मंद दाह पेटता राहतो आणि इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावतो. २०१८ मध्ये आणखी एक धागा हाती लागला. हिस्टिडिन या अमिनो आम्लापासून काही जीवाणू इमिडाझोल प्रोपिओनेट नावाचं रसायन बनवतात. टाइप टू मधुमेह असलेल्यांमध्ये ते जास्त आढळतं आणि ते इन्सुलिनचा पेशीतला निरोप मध्येच अडवतं. म्हणजे आतड्यात कोणते जीवाणू आहेत आणि त्यांना काय खायला मिळतं, यावर ते काय बनवतात हे ठरतं.

आता मेटफॉर्मिनकडे येते, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे.

मधुमेह आणि जीवाणूंवरच्या सुरुवातीच्या अभ्यासांत एक मोठी अडचण राहून गेली होती. मधुमेह असलेले बरेच जण आधीपासून मेटफॉर्मिन घेत होते. मग दिसलेला फरक आजाराचा की औषधाचा? २०१५ मध्ये डेन्मार्क, स्वीडन आणि चीनमधले ७८४ नमुने एकत्र करून हा गुंता सोडवायचा प्रयत्न झाला. मधुमेहाची खूण म्हणून मिरवलेल्या काही गोष्टी प्रत्यक्षात मेटफॉर्मिनच्या निघाल्या. एश्चेरिशिया जातीच्या जीवाणूंची वाढ ही त्यातलीच एक. मात्र मेटफॉर्मिन न घेणाऱ्या मधुमेहींमध्येही ब्युटिरेट बनवणाऱ्यांची तूट होतीच. २०१७ मध्ये याच्याही पुढचं पाऊल पडलं. आधी कोणतंही औषध न घेतलेल्या मधुमेहींपैकी काहींना चार महिने मेटफॉर्मिन आणि काहींना औषध नसलेली खोटी गोळी दिली. मेटफॉर्मिनवाल्यांच्या आतड्यातली जीवाणूंची घडण बऱ्यापैकी बदलली. औषधानंतरचे त्यांचे जीवाणू जंतुविरहित उंदरांमध्ये सोडले, तेव्हा त्या उंदरांची साखर हाताळायची क्षमता सुधारली. उंदरांना औषध दिलेलंच नव्हतं, फक्त जीवाणू दिले होते.

त्याआधी वर्षभर एक वेगळाच प्रयोग प्रसिद्ध झाला होता. मेटफॉर्मिनची गोळी आतड्यात बरंच खाली गेल्यावर विरघळेल अशी बनवून दिली. रक्तात औषध जवळपास निम्मंच उतरलं, तरी साखरेवरचा बराचसा परिणाम टिकला. मेटफॉर्मिन यकृतावर काम करतं हे आपण सगळे शिकलो आणि ते खरंच आहे. पण ते आतड्यातही काम करतं, आणि तिथल्या जीवाणूंमार्फतही करतं.

तर मग ज्या अवयवात हे औषध काम करतं, त्याच अवयवाची चौकशी तपासणीत का होत नाही? मेटफॉर्मिन घेणाऱ्या शंभरातल्या वीस-तीस जणांना पोटाचा त्रास होतो आणि पाचेक जणांना तो सोसवतच नाही, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. थोड्या डोसने सुरुवात करायची, जेवणासोबत घ्यायला सांगायचं, दर आठवड्याला थोडं वाढवायचं, नाहीच जमलं तर हळूहळू विरघळणारी गोळी द्यायची. यातलं काहीही तुम्हाला नवीन नाही. पण माझ्यापर्यंत येणाऱ्या कितीतरी रुग्णांना यातलं काहीच सांगितलेलं नसतं. पहिल्या दिवसापासून पूर्ण डोस, पोट बिघडलं, गोळी आपल्याला सोसत नाही असा ग्रह झाला आणि गोळी परस्पर बंद. तीन महिन्यांनी एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, वाढलेलं दिसतं आणि तुम्ही त्यावर दुसरं औषध चढवता. पहिलं औषध पोटात गेलंच नव्हतं, हे चिठ्ठीवर कुठेच नसतं.

सुरुवातीलाच एवढं म्हणा: "ही गोळी आतड्यातही काम करते. तिथली जीवाणूंची घडी थोडी बदलते. पहिले काही आठवडे पोट कुरकुरू शकतं. बहुतेकांचं थांबतं. नाही थांबलं तर बंद करू नका, मला फोन करा." रुग्णाला तेवढी कल्पना असली की तो बराच त्रास सहन करतो, आणि नाहीच झाला तर लपवत नाही.

फायबरचीही तीच गत. 'भाज्या, फळं, सॅलड वाढवा' असं तोंडी सांगून तो विषय संपतो. औषध लिहिताना तुम्ही मिलिग्रॅम लिहिता, दिवसातून किती वेळा ते लिहिता. फायबरलाही आकडा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाला किमान २५ ग्रॅम सांगितले आहेत. त्याआधी २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १८५ दीर्घकालीन पाहण्या आणि ५८ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. २५ ते २९ ग्रॅम फायबर खाणाऱ्यांमध्ये टाइप टू मधुमेह, हृदयविकार आणि एकूण मृत्यूचं प्रमाण कमी खाणाऱ्यांपेक्षा १५ ते ३० टक्क्यांनी कमी होतं. चिठ्ठीवर तुमच्या अक्षरात 'फायबर २५ ग्रॅम, आहारतज्ज्ञांकडून समजून घ्या' एवढं लिहिलेलं असलं तरी माझं अर्धं काम होतं. माझ्या सांगण्याला तुमच्या सहीचं वजन नसतं.

जीवाणूंच्या बाजूने पाहिलं तर याचा पुरावा २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. झाओ लिपिंग यांच्या गटाने टाइप टू मधुमेहाच्या ४३ जणांना दोन गटांत विभागलं. अकार्बोज हे पिष्टाचं पचन मंदावणारं औषध दोघांनाही होतं. एका गटाला नेहमीचा पथ्याचा सल्ला दिला, दुसऱ्याला नाना प्रकारचं भरपूर फायबर. बारा आठवड्यांत फायबरवाल्यांचं एचबीएवनसी जास्त उतरलं. मला त्यातला एक आकडा फार महत्त्वाचा वाटतो. मेदाम्लं बनवू शकणारे १४१ प्रकारचे जीवाणू त्यांना सापडले, पण फायबर वाढवल्यावर त्यातले फक्त १५ फोफावले. हे पंधरा जितके जास्त आणि जितक्या प्रकारचे, तितकी साखर चांगली आटोक्यात. म्हणून मी रुग्णांना एकच एक पावडर पाण्यात ढवळून पिण्यापेक्षा डाळी, कडधान्यं, अखंड धान्यं, पालेभाज्या, सालासकट फळं, तेलबिया असं आलटून पालटून खायला सांगते.

यात एक व्यवहाराची गोष्ट सांगते, कारण ती कुठल्या मार्गदर्शक पुस्तिकेत मला लिहिलेली दिसली नाही. मेटफॉर्मिन आणि वाढीव फायबर एकाच आठवड्यात सुरू करू नका. दोन्हींमुळे गॅस होतो. दोन्ही एकदम सुरू झालं की खापर कशावर फोडायचं ते कुणालाच कळत नाही आणि माणूस दोन्ही सोडून देतो. आधी गोळी बसू द्या, मग फायबर दर आठवड्याला चार-पाच ग्रॅमनी वाढवायचं. ज्यांच्या जठराची हालचाल मधुमेहामुळे मंदावली आहे, त्यांना तर जास्त फायबर त्रासच देतं. ते ओळखायलाही आधी पोटाबद्दल विचारावं लागतं.

आणखी एक कळकळीची विनंती. "मी तेच खातो जे घरातले सगळे खातात, तरी माझीच शुगर वाढते," असं रुग्ण म्हणतो तेव्हा त्याला खोटं ठरवू नका. इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटने २०१५ मध्ये ८०० जणांची साखर आठवडाभर सतत मोजली. तेच अन्न, तेवढंच खाऊनही प्रत्येकाची साखर वेगवेगळी चढत होती. कुणाची किती चढेल याचा अंदाज बांधताना आतड्यातल्या जीवाणूंची माहिती उपयोगी पडली. हे सगळे मधुमेह नसलेले लोक होते, पण त्यातून निघणारा अर्थ मधुमेह असलेल्या माणसाच्या बाजूने उभा राहतो. पथ्य पाळूनही 'तुम्ही पाळत नाही' असं ऐकून घेतलेली माणसं माझ्यासमोर डोळे पुसतात. तो आरोप त्यांच्या जिव्हारी लागलेला असतो. पुढच्या वेळी ती माणसं तपासणीला यायचं टाळतात.

तुम्ही या विषयावर बोलत नाही म्हणून तो विषय थांबलेला नाही. दुसरे बोलतात. एक गृहस्थ माझ्याकडे रंगीत तक्ते असलेला जाडजूड रिपोर्ट घेऊन आले होते. शौचाचा नमुना पाठवून करून घेतलेली चाचणी. त्यात 'चांगल्या' आणि 'वाईट' जीवाणूंची टक्केवारी, शंभरपैकी गुण, आणि शेवटच्या पानावर त्याच कंपनीच्या कॅप्सूलची शिफारस. ती सुरू केल्यावर शुगर आपोआप बसेल अशी त्यांची समजूत झाली होती. रक्ततपासणी त्यांनी पुढे ढकलली होती. मी काय सांगणार? चीन आणि स्वीडनच्या याद्या जुळल्या नव्हत्या, ते वर लिहिलंच आहे. २०२४ मध्ये दहा पाहण्यांमधले ८,११७ नमुने एकत्र तपासले, तेव्हा दिसलं की एकाच नावाच्या जीवाणूचे उपप्रकारही मधुमेहाच्या बाबतीत वेगवेगळे वागतात. मग नुसत्या नावापुढची टक्केवारी पाहून एका माणसाला गुण द्यायचे कशाच्या जोरावर? मधुमेहाचं निदान रक्तातल्या साखरेवर आणि एचबीएवनसीवर होतं, औषधही मुख्यतः त्यावर ठरतं. हे मी सांगितलं, पण त्या गृहस्थांना ते तुमच्याकडून ऐकायचं होतं. त्यांनी रिपोर्ट आधी तुम्हाला दाखवायला नेला होता आणि तो न उघडताच परत मिळाला होता. न उघडणं चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. का उघडला नाही, ते दोन वाक्यांत सांगायला हवं होतं.

कॅप्सूलबद्दलही सरळ बोला. अकरमान्सिया म्युसिनिफिला हे नाव आता रुग्णांच्याही कानावर आलं आहे. २००४ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळख पटलेला हा जीवाणू आतड्यातल्या श्लेष्म्यावर जगतो. २०१९ मध्ये वजन जास्त असलेल्या आणि इन्सुलिनला नीट प्रतिसाद न देणाऱ्या ३२ जणांवर तीन महिन्यांची चाचणी झाली, तेव्हा त्यांचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारला. तोही जिवंत जीवाणूंपेक्षा पाश्चरीकरण करून मारलेल्या जीवाणूंनी जास्त. हे शास्त्रीय दृष्टीने फार रोचक आहे. पण बत्तीस जणांच्या तीन महिन्यांवर कुणाची रोजची गोळी बंद होऊ शकत नाही.

शौचरोपणाचंही तेच. ॲमस्टरडॅममध्ये सडपातळ दात्यांच्या शौचातले जीवाणू मेटाबॉलिक सिंड्रोम (पोटाचा घेर, रक्तदाब, साखर, चरबी असं एकत्र वाढलेलं) असलेल्या पुरुषांच्या आतड्यात सोडले, तेव्हा सहा आठवड्यांनी त्यांचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद वाढला. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि बराच गाजावाजा झाला. २०१७ मध्ये त्याच गटाने जास्त जणांवर तोच प्रयोग केला. सहा आठवड्यांचा फायदा पुन्हा दिसला, पण अठराव्या आठवड्यापर्यंत तो ओसरला होता. ज्यांचे मूळचे जीवाणू विशिष्ट प्रकारचे होते, त्यांनाच तो मिळाला होता. मला यातून आशाही दिसते आणि मर्यादाही. जीवाणू बदलले की माणसाच्या इन्सुलिनवर परिणाम होतो, हे माणसांतच दिसलं. पण बाहेरून आणून सोडलेल्या जीवाणूंचा फायदा टिकला नाही. जीवाणूंना रोज खायला काय मिळतं यावरही पुढचं ठरत असावं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने शौचरोपणातून औषधांना न जुमानणारे जीवाणू शरीरात जाऊन एक रुग्ण दगावल्याचं जाहीर केलं होतं. घरगुती प्रयोगांचे व्हिडिओ पाहणाऱ्या रुग्णांना हे ठणकावून सांगायला हवं.

अँटिबायोटिकबद्दल थोडक्यात. डेन्मार्कमध्ये राष्ट्रीय नोंदींवरून २०१५ मध्ये दिसलं की पाच किंवा अधिक वेळा अँटिबायोटिकचे कोर्स झालेल्यांमध्ये टाइप टू मधुमेहाची शक्यता सुमारे दीडपट होती. याचा उलटा अर्थही लागतो: ज्यांना पुढे मधुमेह होणार, त्यांना आधीपासूनच संसर्ग जास्त होत असतील. मधुमेहीच्या पायाची जखम चिघळली तर अँटिबायोटिक लगेच हवं, त्यात चालढकल नको. पण साध्या विषाणूजन्य सर्दीला ते लिहून देण्याचं समर्थन आधीही नव्हतं. आता त्याविरुद्ध आणखी एक कारण मिळालं आहे एवढंच.

मी तुमच्याकडून नवी चाचणी मागत नाही, नवं औषधही नाही. तुमच्या दारात किती गर्दी असते ते मला दिसतं. तपासणीत वजन, रक्तदाब, पाय, डोळे यांची नोंद होते, त्यात एक रकाना पोटाचा असू द्या: गोळीने पोट बिघडतं का, किती वेळा चुकली, रोज फायबर साधारण किती जातं, आणि स्वतःहून कुठली कॅप्सूल वा पावडर चालू आहे का. गोळी चुकली का हे विचारताना आवाजात जाब नको. जाब आला की उत्तर 'नाही' असंच येतं.

आणि तो रकाना आमच्यापर्यंत पोहोचू द्या. रुग्णाला आमच्याकडे पाठवताना चिठ्ठीवर फक्त 'डायट' एवढा शब्द असतो. त्याऐवजी मेटफॉर्मिन कधी सुरू केलं, किती वाढवायचं आहे आणि पोटाची तक्रार काय, हे लिहा. आम्ही त्यावरून फायबरचा वेग ठरवू. आमच्यासमोर कुणी गोळी चुकवत असल्याचं कबूल केलं, तर त्याला विचारून तेही चिठ्ठीवर लिहून तुमच्याकडे परत पाठवू. मी येत्या महिन्यापासून माझ्या बाजूने हे सुरू करते आहे. माझ्या अक्षरातली चिठ्ठी रुग्णाच्या फाइलमध्ये दिसली, तर कृपया वाचा आणि त्याच कागदावर उत्तर लिहा.

आपली,
एक आहारतज्ज्ञ